फ्रान्सांत जोडे घेतांना

हल्लीं आपल्या समाजांत असें कुटुंब विरळाच कीं, ज्यांतील एखादा मुलगा, सून, पुतण्या किंवा भाची परदेशीं नाहीं. आमचेंच पाहा. आम्ही शिरूरचे, म्हणजे जुन्या बोलींत घोडनदीचे. आमचे थोरले बंधु रेल्वेच्या नोकरीमुळें दौंडास स्थायिक झालेले. चुली दोन असल्या तरी गणपति एक, कुळधर्म एक आणि आजारपणाची काळजीहि एकच. आमचा धाकटा मुलगा गेलीं सहा वर्षें फ्रान्सांत ल्यों शहरीं आहे, आणि येत्या दोन महिन्यांत बंधूंच्या धाकट्या सूनबाई दोन मुलांसह त्याच देशीं आपल्या यजमानांकडे निघाल्या आहेत. दौंडच्या घरीं बांधाबांध चालू आहे. मेतकूट, भाजणी, मुलांचीं मराठी पुस्तकें, देवांचा संपुष्ट, सर्वांच्या याद्या झाल्या. आम्हीं त्यांत एका निराळ्याच यादीची भर घातली: जोड्यांच्या दुकानांत बोलावयाच्या फ्रेंच वाक्यांची. घरांतील मंडळी प्रथम हसली. आमच्या सौभाग्यवती मात्र हसल्या नाहींत. त्या कां हसल्या नाहींत तें सांगून ती यादी वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्ष महिन्यांत आम्ही उभयतां ल्योंस गेलों होतों. सौभाग्यवतींचा मधुमेह सोळा वर्षांचा जुना. त्या रोगानें त्यांच्या पावलांची संवेदना पुष्कळशी मंदावली आहे. जमिनीवर चालतांनाहि वाळूवरून चालल्यासारखें वाटतें, असें त्या म्हणतात. शिरूरास मऊ चपलांवर भागत असे. तेथील थंडींत चारी बाजूंनीं बंद असा जोडा घेणें प्राप्त झालें. मुलगा कामावर गेला असतां त्यास त्रास कशाला, या विचारानें आम्ही दोघेंच एका दुकानांत गेलों. जाण्यापूर्वीं ‘याहून मोठें माप द्या’ हें फ्रेंच वाक्य आम्हीं एका पुस्तकावरून पाठ केलें होतें. जन्मभर मुलांकडून रूपें पाठ करून घेतलेल्या मास्तराला पाठांतराचा अभिमान असावयाचाच!

पहिला जोडा ३८ नंबरचा निघाला. जाड लोकरी मोज्यांमुळें तो दाटला. आम्हीं मोठ्या ऐटीनें पाठ केलेलें वाक्य म्हटलें. विक्रेत्या बाई क्षणभर थबकल्या, त्यांनीं कांहीं विचारलें. तें आम्हांस कळलें नाहीं. परंतु कळलें नाहीं असें कबूल करण्याची लाज वाटून आम्हीं ‘वी, वी’, म्हणजे ‘होय, होय’ असें म्हटलें. त्यांनीं दुसरी पेटी आणून दिली. “अहो, हा बसला बरं का,” सौभाग्यवती म्हणाल्या. पायास कळत नव्हतें आणि पेटीवरचा आंकडा आम्हीं पाहिला नाहीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मोजा काढतांना करंगळीपाशीं रक्ताचा डाग दिसला. दुखत मुळींच नव्हतें, आणि त्यांतच खरें भय होतें. जखम चिघळली. बोट राहील कीं नाहीं, याविषयीं डॉक्टरांनीं शंका बोलून दाखविली; ती रात्र आम्हीं कशी काढली तें आमचें आम्हांस ठाऊक. ईश्वरकृपेनें बोट वांचलें, पण जखम भरून येण्यास सात आठवडे लागले.

मुलानें पेटी उलटून पाहिली तों तीवर ३७ हा आंकडा. आम्हांस वाटत होतें, आपण मोठें माप मागितलें. वस्तुतः आम्हीं लहान माप मागितलें होतें. दुकानदारीण बाईंचा तिळमात्र दोष नव्हता. मागितलें तें त्यांनीं दिलें, वर एकदां विचारूनहि घेतलें.

एका स्वराची किंमत

आमच्या बंधूंची नात पुण्यास फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें, म्हणजे विद्यापीठाच्या परकीय भाषांच्या विभागांत, फ्रेंच शिकली आहे. तिला आम्हीं फोनवरून ती हकीकत सांगितली व वाक्य म्हणून दाखविलें. ती म्हणाली, “शिरूरचे आजोबा, तुम्ही ‘द-सू’ म्हणालांत. त्याचा अर्थ ‘खालचें’. ‘वरचें’ म्हणजे ‘द-स्यू’. एवढाच घोटाळा झाला.”

एवढाच! परंतु एका स्वराच्या फरकानें मोठ्याचें लहान झालें. हा ‘स्यू’मधील स्वर आम्हीं लिहितों त्याप्रमाणें ‘य’ मिसळलेला ‘उ’ नव्हे. लेखनाची सोय म्हणून आम्हीं तसें चिन्ह योजिलें आहे. खरा उच्चार असा: ओठ ‘उ’ म्हणतांना जसे गोल होतात तसे करावे, आणि ते तसेच ठेवून ‘ई’ म्हणावी. संस्कृत शिकलेल्या वाचकांस हें झटकन् कळेल. आपल्या शिक्षाशास्त्राप्रमाणें इकार तालव्य आणि उकार ओष्ठ्य. फ्रेंच लोकांनीं जिव्हा तालूकडे ठेवली, ओठ ओष्ठ्य वर्णाचे घेतले आणि दोहोंच्या संकरानें एक तिसराच स्वर निर्माण केला. तो ज्यास साधला त्यास निम्मी फ्रेंच साधली, असें आमची नात म्हणते. गेले आठ दिवस दौंडच्या ओटीवर सूनबाई, मुलें आणि आम्ही ‘द-स्यू, द-सू’ असें घोकत असतों. वहिनींनीं परवां विचारलें, “भावोजी, हा कोणत्या देवतेचा जप?” आम्हीं म्हटलें, “वहिनी, पादुकांचा.”

आणखी तीन खुणा ध्यानांत ठेवाव्या. आम्हीं ‘झ’ लिहितों तो ‘झाडा’तला नव्हे, इंग्रजी ‘प्लेझर’ शब्दाच्या मध्यें जो मृदु घर्षक वर्ण येतो तो. फ्रेंच ‘र’ मूर्धन्य नसून कंठाच्या मुळाशीं घासून निघतो. आणि शब्दाच्या अंतीं लिहिलेलें व्यंजन बहुधा मुकें असतें. लिहिलें तितकें वाचूं लागलें कीं फसगत झालीच.

ही भाषा आपल्या मुलखास अगदींच अनोळखी आहे असें मात्र नाहीं. पेशवाईंत १७७७ सालीं सँ-ल्युबँ नांवाचा फ्रेंच वकील पुण्यास येऊन राहिला होता. घोडनदीच्या छावणीशीं ज्याचें नांव जोडलें गेलें तो पूना हॉर्स रिसाला १९१४ सालीं पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या भूमीवर लढला. आणि त्याहूनहि जुनें नातें शब्दांचें आहे. फ्रेंच ‘प्ये’ म्हणजे पाऊल; तें आपल्या ‘पादा’चेंच भावंड. ‘मेर’ ही माता, ‘फ्रेर’ हा भ्राता, ‘झनू’ हें जानु. सर्वांत मौज ‘नफ’ या शब्दाची. त्याचा अर्थ नऊ असाहि होतो आणि नवा असाहि होतो. संस्कृतांत ‘नव’ शब्दाचेहि तेच दोन अर्थ! आमच्या ‘वहाण’ शब्दाचें मूळ संस्कृत ‘उपानह्’ हें आहे; फ्रेंच ‘शोस्यूर’ (जोडा) त्या कुळांतला नाहीं, पण पाय मात्र दोन्हीकडे एकाच कुळाचा.

मापाचें गणित

आपल्याकडील जोड्यांवर बहुधा इंग्रजी माप असतें, फ्रान्समध्यें तें निराळें. जोड्याच्या मापास तेथें ‘प्वँत्यूर’ म्हणतात; कपड्यांच्या मापास ‘ताय’ म्हणतात. जोड्याच्या दुकानांत ‘ताय’ म्हटलें तरी समजतात, पण बरोबर शब्द ‘प्वँत्यूर’ हाच.

इंग्रजी मापाचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. ही जुन्या काळच्या यवाच्या दाण्याची लांबी. आपल्या ग्रंथांतहि आठ यवांचें एक अंगुल मानिलें आहे. तेव्हां पूर्वेस काय आणि पश्चिमेस काय, मोजणीचा आरंभ धान्याच्या दाण्यापासूनच झालेला दिसतो. फ्रेंच मापाचा एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. ज्या सांच्यावर जोडा चढवून शिवतात त्याच्या लांबीवर हे दोन्ही आंकडे बसविलेले असतात. म्हणून ४० नंबरच्या जोड्याचा सांचा सुमारें २६.७ सेंटिमीटर लांब.

एकाचें दुसरें काढण्याची रीत सोपी आहे. मोठ्या माणसाच्या इंग्रजी मापांत २५ मिळवावे व तीननें भागावें. सांच्याची लांबी इंचांत येते. तिचे सेंटिमीटर करून दीडपट करावी. उदाहरणार्थ, इंग्रजी ८: आठ आणि पंचवीस तेहतीस, भागिले तीन, अकरा इंच, म्हणजे २७.९४ सेंटिमीटर, दीडपट केली कीं ४१.९. अर्थात् फ्रेंच ४२. ज्यांस गणिताचा कंटाळा त्यांनीं एवढें पाठ करावें: इंग्रजी ५ म्हणजे ३८, ६ म्हणजे ३९ किंवा ४०, ७ म्हणजे ४१, ८ म्हणजे ४२ आणि ९ म्हणजे ४३. तथापि कारखान्याकारखान्यांत फरक असतो. आंकडा हा केवळ दारापर्यंत नेणारा वाटाड्या. आंत काय आहे तें पायानेंच पाहावें.

दुकानांतील संभाषण

वाक्यें दुकानांत ज्या क्रमानें लागतात त्याच क्रमानें देत आहों.

१. नमस्कार, बाई. (पुरुष असल्यास: नमस्कार, महाशय.) — बोंझूर, मादाम. (बोंझूर, मस्यू.)

२. मला फ्रेंच नीट बोलतां येत नाहीं. — झ न पार्ल पा ब्यँ फ्रांसे.

३. मला एक जोडा घ्यावयाचा आहे. — झ शेर्श यून पेर द शोस्यूर.

४. माझें माप ३८ आहे. — झ शोस द्यू त्रांत-उईत.

५. हा नमुना मला घालून पाहावयाचा आहे. — झ वूद्रे एसेये स मोदेल.

६. येथें दाबतो. — सा सेर इसी.

७. मला दुखतें. — सा म फे माल.

८. याहून मोठें माप द्या. — ला प्वँत्यूर ओ द-स्यू, सिल वू प्ले.

९. याहून लहान माप द्या. — ला प्वँत्यूर ओ द-सू, सिल वू प्ले.

१०. किंमत किती? — से कोंब्यँ?

११. लिहून द्या. — एक्रिवे, सिल वू प्ले.

१२. विचार करून सांगतों. — झ वे रेफ्लेशीर.

१३. हे घेतों. — झ ले प्रां.

१४. पावती द्या. — ल तिके, सिल वू प्ले.

१५. आभारी आहें, येतों. — मेर्सी, ओ रव्वार.

यांतील ‘सिल वू प्ले’ म्हणजे ‘कृपा करून’. तें प्रत्येक मागणीच्या शेपटास लावावें.

आतां थोडें भाष्य. पहिलें वाक्य वगळूं नये. आपल्याकडे दुकानांत शिरतांच ‘अमुक दाखवा’ म्हटलें तर कोणास राग येत नाहीं. फ्रान्समध्यें आधीं ‘बोंझूर’ न म्हणतां मागणी करणें हा उद्धटपणा समजतात. घरांत पाऊल टाकतांना ‘आहांत का?’ म्हणून विचारावें, तसेंच हें. निघतांना ‘ओ रव्वार’ म्हणावें, कांहीं घेतलें नसलें तरी.

सहाव्या वाक्यांत आपली मराठी आड येते. आपला नवा जोडा ‘चावतो’. फ्रेंच जोडा चावत नाहीं, तो आवळतो. म्हणून चावण्याचें शब्दशः भाषांतर करूं नये. बोट ठेवून ‘सा सेर इसी’ म्हणावें. ‘इसी’ म्हणजे ‘येथें’. हें वाक्य सर्व यादींतील राजा होय. आपण मराठी माणसें, विशेषतः घरच्या स्त्रिया, परक्यापुढें ‘दुखतें’ म्हणावयास संकोचतों. विक्रेत्यानें चार पेट्या उघडल्या म्हणजे आपणांस ओशाळें वाटतें आणि पांचवी उघडवण्याऐवजीं आपण पैसे देऊन मोकळे होतों. बाराव्या वाक्याचा उपयोग त्याचसाठीं. ‘विचार करून सांगतों’ असें म्हणून रिकाम्या हातीं बाहेर पडण्यांत तेथें कोणताहि कमीपणा नाहीं.

चौदावें वाक्यहि विसरूं नये. १ ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समधील दुकानांत पावती आपोआप छापून देण्याचा प्रघात कायद्यानें बंद झाला आहे. ती मागावी लागते. जोडा बदलून घेण्याची वेळ आल्यास पावतीवांचून बोलणें कठीण. ज्यांस काटकसर करावयाची त्यांनीं ‘सोल्द’ हा शब्द लक्षांत ठेवावा. वर्षांतून दोनदां, जानेवारींत आणि जूनच्या अखेरीस, सरकारी नियमानें ठरलेली ही सवलतीची विक्री सुरू होते, आणि २०२० पासून ती प्रत्येक वेळीं चार आठवडे चालते.

विसांचा हिशेब

किंमत ऐकतांना नवख्या माणसाची तारांबळ उडते ती सत्तरापासून पुढें. फ्रेंच मनुष्य सत्तरास ‘साठ-दहा’ म्हणतो: स्वासांत-दीस. ऐंशीस म्हणतो ‘चार-वीस’: कात्र-वँ. नव्वदास ‘चार-वीस-दहा’: कात्र-वँ-दीस. सुशिक्षितांस हें विचित्र वाटेल. पण आमच्या आठवडे बाजारांत शेणी आणि आंबे मोजणाऱ्या म्हाताऱ्या आम्हीं लहानपणीं ऐकल्या आहेत. त्या ऐंशी कधींच म्हणत नसत. ‘चार इसा’ म्हणत. पंचाण्णवास ‘चार इसा नि पंधरा’. अगदीं हीच फ्रेंच रीत! ज्या मोजणीस आपण अडाणी म्हणून हसलों ती पॅरिसच्या दुकानांत रोज चालते. तरीहि ऐकून संशय राहिल्यास अकरावें वाक्य आहेच; आंकडा कागदावर आला कीं मग भाषेचा प्रश्न उरत नाहीं.

जोड्याच्या अंगांचीं नांवें थोडींच पुरतात. टांच ‘तालों’, तळ ‘समेल’, नाडी ‘लासे’, चामडें ‘क्वीर’. घोट्यापर्यंतचा बूट ‘बोतीन’, गुडघ्याकडे चढणारा ‘बोत’, उघडा तो ‘सांदाल’, घरांत घालावयाचा मऊ तो ‘पांतूफ्ल’. टांच आंत सरकविण्याच्या पट्टीस ‘शोस-प्ये’ म्हणतात. जोडे दुरुस्त करणारा तो ‘कोर्दोन्ये’. स्पेनमधील कोर्दोवा शहराच्या नांवाजलेल्या चामड्यावरून हा शब्द पडला आहे. फ्रेंचांत मनाजोगा जोडीदार मिळाला म्हणजे ‘पायाजोगा जोडा मिळाला’ असें म्हणतात. आपल्याकडे नवराबायकोस ‘जोडा’ म्हणतात, तेव्हां हा विनोद मराठी वाचकास समजावून सांगावयास नको.

कागदाचा पाय

ज्यांच्या घरीं मधुमेह आहे त्यांनीं वरील यादींत आणखी दोन वाक्यें जोडून घ्यावीं. ‘माझी आई मधुमेही आहे’: मा मेर ए दियाबेतीक. ‘तिला पावलांस नीट जाणवत नाहीं’: एल न सां पा ब्यँ से प्ये. बायको असल्यास ‘मा मेर’च्या जागीं ‘मा फाम’. हीं वाक्यें आम्हांस त्या दिवशीं येत असतीं, तर त्या बाईंनीं स्वतः वांकून बोटापुढें जागा आहे कीं नाहीं हें पाहिलें असतें, अशी आमची खात्री आहे.

आणि जेथें वाक्यहि सुचणार नाहीं तेथें कागद बोलतो. आमच्या लहानपणीं घोडनदीच्या पेठेंत एक वृद्ध कारागीर वहाणा करीत असत. ते पायाखालीं कागद ठेवून कडेनें पेन्सिल फिरवीत आणि मग विचारीत, “कुठं चावतंय ते सांगा, मंग माप घेतो.” त्यांची ती रीत आजचे डॉक्टरहि सांगतात. संध्याकाळीं, पाय किंचित् सुजलेले असतांना, उभें राहून दोन्ही पावलांचे आकार जाड कागदावर काढावे व कापून घ्यावे. दुकानांत तो कागद जोड्याच्या तळाशीं सरकवावा. कडा दुमडल्या तर जोडा अरुंद आहे; मग पाय कांहींहि म्हणो, तो घेऊं नये. सर्वांत लांब बोटापुढें आंगठ्याएवढी जागा असावी. हात आंत घालून शिवण टोंचते कीं काय तें पाहावें. नवा जोडा पहिल्या दिवशीं तासभरच घालावा, आणि काढल्यावर पाऊल उजेडांत सर्व बाजूंनीं न्याहाळावें. स्वतःस वांकतां येत नसेल तर घरांतील दुसऱ्या कोणी पाहावें.

तें काम आमच्या घरीं आतां आमच्याकडे आहे. रोज रात्रीं देवाजवळचा दिवा शांत झाल्यावर आम्ही चष्मा लावून सौभाग्यवतींचीं पावलें तपासतों. प्रथम त्यांस फार संकोच वाटला. पतीनें पायास हात लावणें म्हणजे काय, असें त्या म्हणत. आम्हीं म्हटलें, ज्या पायांनीं चाळीस वर्षें या घरांत राबणूक केली त्यांस आमच्या उच्चारानें जखम झाली. तेव्हां आतां एवढें प्रायश्चित्त आमच्याकडे राहूं द्या.

दौंडच्या सूनबाईंची पेटी बांधून तयार आहे. सर्वांत वर तीन कागद ठेविले आहेत, त्यांच्या आणि दोन्ही मुलांच्या पावलांचे. धाकट्यानें आपल्या कागदावर स्वतःच्या हातानें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: ‘द-स्यू’. मुलांचे पाय वाढते असतात. त्यास पुष्कळदां तोच शब्द लागेल.